'डिअर'चे लेखापरीक्षण

समीक्षा लिहायची तर माणूस निदान मराठीचा एम. ए. असावा लागतो आणि त्याला 'अनुभूती', 'आकृतिबंध' असले शब्द न अडखळता उच्चारता यावे लागतात. मी बी. कॉम. आहे. तोही सेकंड क्लास. माझ्या आयुष्यात आकृतिबंध आला तो एकच, कर्मचाऱ्यांच्या संख्येचा; आणि त्यात माझ्या बढतीला जागा नव्हती.

पण बावीस वर्षे बँकेत काढली की एक विद्या माणसाला आपोआप येते. कुठलेही खाते समोर आले की जमा किती, नावे किती आणि दिसते ती शिल्लक खरी आहे की नुसती कागदावरची, हे वासावरून कळते. ही विद्या पुस्तकांना लागू पडेल की नाही, सांगता येत नाही. शब्दांना मात्र पडते, असा माझा दावा आहे. म्हणून वाचकहो, आज एका इंग्रजी विशेषणाचे खाते तुमच्यासमोर उघडतो. शब्द अगदी साधा आहे. पाचवीतल्या पोराला येतो. मी तो दिवसातून निदान चाळीस वेळा टाइप करतो, आणि ज्यांना उद्देशून करतो त्यांतल्या एकाचेही तोंड पाहिलेले नसते. शब्द आहे 'डिअर'.

शाळेत आम्हांला 'डिअर म्हणजे प्रिय' असे शिकवले. कॉलेजात अर्थशास्त्राच्या सरांनी 'डिअर मनी' शिकवला, तेव्हा मागच्या बाकावरचा आमचा एक मित्र म्हणाला, "यात शिकवण्यासारखं काय आहे? पैसा कुणाला प्रिय नसतो?" सरांनी त्याला बाहेर काढले. वास्तविक त्या बिचाऱ्याचे काही चुकले नव्हते. 'डिअर मनी' म्हणजे महाग पैसा, म्हणजे कर्जावरचे चढे व्याज. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर 4 टक्क्यांवरून साडेसहावर नेला, तेव्हा पैसा 'डिअर' झाला आणि गृहकर्जवाले ग्राहक आमच्या काउंटरपुढे जे बोलले त्यात प्रेमाचा अंशही नव्हता. पण मित्राने ज्या गोंधळात पाय घातला तो गोंधळ त्याचा नव्हे, त्या शब्दाचाच आहे. या एकाच खात्यात इंग्रजांनी दोन नोंदी केल्या आहेत : एक प्रिय, दुसरी महाग. आणि मौज अशी की दोन्ही एकाच तारखेच्या आहेत.

जुन्या इंग्रजीत हा शब्द साधारण 'देओरे' असा होता. तेव्हापासूनच त्याचे अर्थ मौल्यवान, किमती आणि लाडका. आधी किंमत होती आणि मग प्रेम जडले, की आधी प्रेम होते आणि मग बिल आले, हे त्या शब्दावरून ठरवता येत नाही. ('हा प्रश्न तुम्ही आपल्या लग्नाबद्दलही विचारून पाहा', असे आमचे कॅशियर म्हणतात. त्यांना मी उत्तर देत नाही.) त्याच 'डिअर'पासून 'डार्लिंग' निघाली आणि त्याच 'डिअर'पासून 'डर्थ' निघाला. 'डर्थ' म्हणजे टंचाई, दुष्काळ. धान्य मिळेनासे झाले की महागते आणि महागले की जिवापाड जपावे लागते, असा तो हिशेब. 1972च्या दुष्काळात मिलो नावाची लाल परदेशी ज्वारी ज्यांनी खाल्ली त्या पिढीतली माझी आई अजून ताटात कण टाकू देत नाही. तिला इंग्रजी येत नाही. पण डार्लिंग आणि डर्थ या सख्ख्या बहिणी कशा, हे तिला समजावून सांगावे लागणार नाही.

हा दोष एकट्या इंग्रजांचा समजू नका. फ्रेंच माणूस बायकोला 'शेर' म्हणतो आणि दुकानदाराने भाव सांगितला की त्यालाही 'शेर'च म्हणतो. इटलीतला 'कारो' तसाच. तिकडे महागाईला 'कारोव्हिता' म्हणतात; शब्दाची फोड केली तर 'प्रिय आयुष्य' असाही अर्थ लागेल. जर्मनांकडे याच 'डिअर'चा सख्खा भाऊ आहे, 'टॉयर'. पण ती माणसे हिशेबाला पक्की. पत्राच्या मायन्यात 'लीबर' लिहायचे, नाहीतर सरळ 'अतिसन्माननीय' या अर्थाचे काहीतरी, आणि 'टॉयर' शक्यतो बाजारासाठी ठेवायचा. जिव्हाळ्याचे खाते वेगळे, वाणसामानाचे वेगळे. आमच्या हेडक्लार्कना जर्मनी पाहायची इच्छा आहे ती यामुळेच असावी.

आपल्याकडे हा शब्द आला तो साहेबाबरोबर, आणि साहेब गेल्यावरही राहिला तो आपल्या पगारपत्रकात. 'डिअरनेस अलाउन्स' म्हणजे महागाई भत्ता. दुसऱ्या महायुद्धात कमी पगाराच्या सरकारी नोकरांना तो द्यायला सुरुवात झाली, तेव्हा त्याचे नाव होते 'डिअर फूड अलाउन्स'. शाळेतल्या अर्थाने भाषांतर केले तर 'लाडक्या जेवणाचा भत्ता'. आम्हां बँकवाल्यांचा तो ग्राहक किंमत निर्देशांकाबरोबर दर तीन महिन्यांनी हलतो. फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबर हे आमचे चार सण. बाजारात कांदा चढला की सगळे शहर हळहळते. आमच्या शाखेत मात्र कुणीतरी हळूच निर्देशांक विचारतो.

हा 'डिअर'पणा सरकारलाही कधीकधी फार 'डिअर' होतो. 1974मध्ये कायदा करून वाढीव महागाई भत्त्याचा अर्धा भाग सक्तीच्या ठेवीत टाकायला लावला होता. वडील सांगतात, त्या वर्षी ते घरी म्हणाले, "भत्ता वाढलाय, पण अर्धाच." त्यावर माझी आजी म्हणाली, "मग महागाईपण अर्धीच आणा." पुढे करोनाच्या काळात केंद्र सरकारी नोकरांचे 1 जानेवारी 2020, 1 जुलै 2020 आणि 1 जानेवारी 2021 असे तीन हप्ते गोठवले गेले. आमचे मेहुणे केंद्रात आहेत. त्या दीड वर्षात ते आमच्याकडे जेवायला जरा जास्त वेळा आले. लाडक्या जेवणाचा भत्ता म्हणतात तो हाच.

आणि शाळेतला अर्थ अगदीच चूक होता असेही नाही. 2024 साली आपल्या राज्यात 'लाडकी बहीण' योजना आली आणि महिना 1500 रुपयांसाठी आधार जोडून घ्यायला शाखेबाहेर रांगा लागल्या. 'लाडकेपणाचा भत्ता' याचे इंग्रजी शब्दशः काय होईल? 'डिअरनेस अलाउन्स'! शब्दाने पंचाहत्तर-ऐंशी वर्षे वाट पाहिली, पण आपले दोन्ही अर्थ सरकारी खर्चाने वसूल करून घेतले.

आता पत्रव्यवहार. इथे मात्र या खात्यात मोठी गडबड आहे, आणि परीक्षकाने लाल पेन काढावे अशी जागा हीच.

इंग्रजीत पत्राच्या सुरुवातीला 'डिअर' लिहायची चाल पंधराव्या शतकाच्या मध्यापासून सापडते. सुरुवातीला लिहिणाऱ्याच्या मनात काही असेलही. पुढे 'डिअर सर' हा साचा झाला आणि साच्यात प्रेम ओतायची गरज राहिली नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांना आपापल्या मैत्रिणींची 'आता आपले जमायचे नाही' अशी पत्रे येऊ लागली, तेव्हा त्यांना नावच पडले 'डिअर जॉन' पत्र. म्हणजे नाते तोडतानाही 'डिअर' हवेच. आम्हीही तेच करतो. "डिअर सर, आपले तीन हप्ते थकले असून पंधरा दिवसांत भरणा न केल्यास तारण मालमत्तेवर कारवाई करण्यात येईल." खाली 'युअर्स फेथफुली'. प्रियकराने इतक्या प्रेमाने घराचा लिलाव पुकारल्याचे उदाहरण संस्कृत नाटकांतही नसेल.

सरकारी कचेरीत तर 'डिअर'चीही पायरी ठरलेली आहे. एका खात्याने दुसऱ्याला लिहायचे तर नुसते 'सर'. बाहेरच्या नागरिकाला लिहायचे तर 'डिअर सर'. आणि एका साहेबाने दुसऱ्या साहेबाला अर्धशासकीय पत्र धाडायचे तर 'माय डिअर अमुक'. आता अर्धशासकीय पत्र केव्हा जाते? साध्या पत्राला उत्तर येत नाही, स्मरणपत्रालाही येत नाही, तेव्हा. म्हणून 'माय डिअर'ने सुरू होणारा कागद टेबलावर आला की जाणत्या अधिकाऱ्याच्या पोटात गोळा येतो. सरकारात जितका 'डिअर' वाढत जातो तितकी बदली जवळ येते.

आपल्या जुन्या मराठी मायन्यांची आम्ही पोरांनी फार टिंगल केली. 'तीर्थरूप बाबांस शि. सा. न. वि. वि.' हे लिहिताना वाटे, ही चिठ्ठी आहे की तारायंत्राचा मजकूर? पण आता लेखापरीक्षकाच्या नजरेने पाहिले की कळते, त्यात प्रत्येक अक्षराला तारण होते. वडील तीर्थरूप, मुलगा चिरंजीव, परका गृहस्थ रा. रा., सासुरवाशीण लेक सौभाग्यवती. कोण कुणाला लिहितो आहे हे मायन्यावरूनच कळे आणि एकाचा मायना दुसऱ्याला चालत नसे. 'प्रिय' फक्त मित्राला, तेही बरोबरीच्या. बापाला 'प्रिय बाबा' लिहिणारा मुलगा बहुधा पैसे मागत असे, आणि बापाला ते पहिल्याच शब्दाला समजे. इंग्रजी 'डिअर' मात्र बापालाही चालतो, बायकोलाही, जप्तीच्या नोटिशीलाही. जी नोट कुठेही चालते ती एकदा उजेडात धरून पाहावी, असे आम्हांला प्रशिक्षणात शिकवले आहे.

इथे थोडे थांबून या खात्यातली एक जुनी, गोठलेली नोंद दाखवतो. शेक्सपिअरने हॅम्लेटच्या तोंडी एके ठिकाणी कट्टर वैऱ्याला 'डिअरेस्ट' हे विशेषण घातले आहे. पहिल्यांदा वाचले तेव्हा मला छपाईची चूक वाटली. पण इंग्रजीत एक दुसराच 'डिअर' होता. घडणीने वेगळा, अर्थ कठोर, भयंकर, जीवघेणा. जुन्या इंग्रजीत तो 'देओर'. पुढे उच्चार सारखे झाले आणि दोन खाती एकाच नावावर आली. असे आमच्याकडेही होते. एकाच नावाचे दोन ग्राहक असले की एकाचा पगार दुसऱ्याच्या हप्त्यात जातो. कठोर 'डिअर' पुढे वापरातून गेला. पण जप्तीच्या नोटिशीत आम्ही लिहितो तो कुठला, याची मला अलीकडे शंका येऊ लागली आहे. त्याखेरीज डी-डबल ई-आर असा तिसरा 'डिअर' आहेच. तो हरिणाचा, आणि पूर्वी तर कुठल्याही जनावराचा. नोकरीच्या अर्जात कुणी साहेबाला डबल ई लावून लिहिले, तर ते अज्ञान समजू नये. अनुभव असू शकतो.

आता 'डिअर'चा विरुद्धार्थी शब्द पाहू : 'चीप'. हा मुळात विशेषणच नव्हता. 'चीप' म्हणजे बाजार, सौदा. लंडनमधल्या 'चीपसाइड' रस्त्याला बाजारामुळेच ते नाव मिळाले. 'गुड चीप' म्हणजे चांगला सौदा. त्यातला 'गुड' गळाला आणि 'चीप' म्हणजे स्वस्त झाला. पुढे स्वस्ताचा हलका झाला, हलक्याचा थिल्लर. मराठीत आमच्या 'सवंग'ची हीच कथा. संस्कृत 'समर्घ', म्हणजे रास्त भावाचा, त्याचा झाला सवंग. पूर्वी सवंग ज्वारी हे सुख होते. आज सवंग फक्त लोकप्रियता उरली आहे. ज्वारीचे विचारू नका.

आणि या 'समर्घ'चा दुसरा भाऊ 'महार्घ', म्हणजेच आपला महाग. दोघांच्याही पोटात शब्द आहे 'अर्घ'. अर्घ म्हणजे किंमत. आणि अर्घ म्हणजे पूज्य पाहुण्याला, सूर्याला, देवाला आदराने जे द्यायचे तेही. सकाळी ओंजळीतून पाणी सोडतो ते अर्घ्य याच घरातले. म्हणजे आपल्याकडेही किंमत आणि आदर एकाच ओंजळीत होते! फरक इतकाच की इंग्रजाचा दुवा रोज जिभेवर राहिला, आपला कोशात जाऊन बसला. हे कळल्याच्या आनंदात मी सौ.ला म्हटले, "तू मला फार महाग आहेस." पुढचे अर्घ्यापर्यंतचे स्पष्टीकरण व्हायच्या आत चहाचा कप परत गेला.

'प्रिय'ची गंमत तर त्याहून मोठी. या शब्दाचे इंग्रजीतले रक्ताचे नाते 'डिअर'शी नाही. 'फ्रेंड'शी आहे आणि 'फ्री'शी आहे! फार प्राचीन काळी मूळ एकच होते. तिकडे जर्मानिक भाषांत जो प्रिय, तो आपल्या घरातला. जो घरातला, तो गुलाम नव्हे. म्हणून तो 'फ्री', मोकळा. पैशातून मोकळे, म्हणजे फुकट, हा अर्थ कितीतरी मागाहून आला. म्हणजे हिशेब असा लागला : त्यांचा प्रिय तो महाग, आणि आपल्या प्रियाचा तिकडचा भाऊ फुकट. वीस वर्षे संसार केलेल्या कुणालाही या दोन्ही नोंदी एकदम खऱ्या वाटतील.

इतके शोधूनही हे खाते मी असेच मिटवून ठेवले असते. पण आमच्या शाखेत दर महिन्याला एक आजी येतात. निवृत्त प्राथमिक शिक्षिका, वय ऐंशीच्या पुढे. मुलगा परदेशात. पेन्शन जमा झाली की काउंटरवर मोबाइल ठेवतात आणि म्हणतात, "वाचा." मी वाचतो. "डिअर कस्टमर, आपल्या खात्यातून अमुक रक्कम नावे पडली." "डिअर कस्टमर, आपले केवायसी." "डिअर कस्टमर, दिवाळीच्या शुभेच्छा आणि वैयक्तिक कर्ज." एकदा त्यांनी विचारले, "हे डिअर-डिअर लिहितं कोण हो?"

"कोणी नाही आजी, कॉम्प्युटर लिहितो."

"मग एवढा डिअर असून त्याला माझं नाव कसं येत नाही?"

पुढच्या खेपेला त्या पेन्शनच्या आधीच आल्या. नवा संदेश होता : डिअर कस्टमर, आज रात्री साडेनऊला आपली वीज तोडली जाईल, खालील नंबरवर ताबडतोब फोन करा. असल्या संदेशांनी कित्येकांची आयुष्याची पुंजी नेली आहे. मी घाबरून विचारले, "फोन केलात?"

"छे! ह्यालाही नाव येत नाही," आजी म्हणाल्या. "मला डिअर म्हणतो आणि घाई करतो. माझं ज्यांनी केलं त्यांनी मला कधी डिअर म्हटलं नाही."

मग त्यांनी पिशवीतून पासबुकाचे प्लास्टिक कव्हर काढले. त्यात पासबुकामागे मनिऑर्डरचे एक जुने कूपन होते, 1971चे. यजमान मुंबईला कारकून, ह्या तालुक्याच्या गावी शाळेवर. कूपनावर रक्कम 60 रुपये आणि खाली बोटभर जागेत मजकूर : "यंदा दिवाळीस पातळ घ्यावे. माझी छत्री अजून चालते आहे." ना मायना, ना प्रिय.

मी बावीस वर्षे नोटा मोजतो आहे. नगास नग लावून रक्कम जुळवणे हा माझा धंदा. पण त्या कूपनावरचे साठ रुपये आणि ती छत्री यांची बेरीज काही केल्या एका रकान्यात बसेना. ते साठ रुपये महाग होते म्हणून ती बाई प्रिय होती, की बाई प्रिय म्हणून साठ रुपये महाग नव्हते? 'देओरे' म्हणणाऱ्या जुन्या इंग्रजांनाही हाच पेच पडला असावा आणि त्यांनी शहाणपणा करून दोन्हींना एकच शब्द ठेवला असावा. मराठी गृहस्थाने तो शब्द न लिहिता बोटभर जागेत लिहून दाखवला, इतकेच.

तेव्हा लेखापरीक्षणाचा शेरा असा. शब्द जुना, सचोटीचा, मूळ भांडवल भरपूर. प्रिय आहे म्हणता तर त्याला काही मोजायची तयारी आहे का, असे तो म्हणणाऱ्याला विचारतो. इतका सरळ प्रश्न विचारणारी विशेषणे कुठल्याही भाषेत थोडीच असतील. शब्दात अफरातफर आढळली नाही. दोष वापरणाऱ्यांचा आहे. शतकानुशतके सर्वांनी या खात्यातून नुसती उचल केली. कचेऱ्यांनी केली, बँकांनी केली, आता भामटे करताहेत. भरणा कुणी केला नाही. खाते जवळजवळ रिकामे आहे. ते बंद करावे अशी शिफारस मात्र मी करणार नाही. कुठेतरी एखादा माणूस अजून जुन्या छत्रीवर पावसाळा काढत असेल आणि तेवढी रक्कम न सांगता त्यात जमा करत असेल. त्याची पावती आमच्या बँकेत मिळत नाही.